समुद्राचं घड्याळ आणि नातीचा ब्रेक

सायकलकट्टा : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची निघाली: सगळ्या घरानं मिळून कोकणात समुद्राकाठानं सायकली चालवायच्या, तर कसं जमवायचं? सांगलीत ४० वर्षं मी सायकलचं दुकान चालवलं. गेल्या जानेवारीत मुलगा, सूनबाई, ११ वर्षांचा नातू, ८ वर्षांची नात, आमची ही आणि मी असे सहाजण गुहागरहून रत्नागिरीपर्यंत तीन दिवसांत गेलो. त्यामुळे खाली लिहिलंय ते बहुतेक त्या तीन दिवसांतलं आहे.

प्रश्न : काका, आम्ही विश्रामबागला राहतो. मी, मिस्टर, मुलगा १२ वर्षांचा, मुलगी ८ वर्षांची आणि माझी नणंद. रविवारी हरिपूरपर्यंत सायकलवर जातो, एकदा नरसोबाच्या वाडीलाही जाऊन आलो. आता जानेवारीत कोकणात समुद्राकाठानं जायचं ठरवतोय. किनाऱ्याचा रस्ता सपाटच असतो ना? रोज ५० किलोमीटर धरले तर मुलांना झेपतील का? आणि वाळूवर सायकल चालते का?

उत्तर : ताई, किनाऱ्याचा रस्ता सपाट नसतो. हे मी सगळ्यात आधी सांगतो, कारण आपल्याकडची माणसं तिथंच फसतात. आपण कृष्णाकाठची माणसं. वाडीपर्यंत जाऊन आलात म्हणजे ४५-५० किलोमीटर झाले, पण त्यात चढ किती? नदीवरच्या पुलांचा काय तो. कोकणात जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं पठार, थेट समुद्रापर्यंत येऊन उभा राहतो आणि जागोजागी खाड्यांनी तो चिरलेला असतो. रस्ता सड्यावर चढतो, पुढच्या गावासाठी पार समुद्राच्या पातळीला उतरतो, नारळी-पोफळीतून दोन किलोमीटर सरळ जातो आणि परत चढायला लागतो. दिवसात असं चार-पाच वेळा होतं. म्हणून रोजचे ५० विसरा. २० ते २५ धरा. आठ वर्षांच्या मुलीला तेवढे भरपूर आहेत, आणि आपला वेग तिच्यावरच ठरणार.

सराव हरिपूर रोडवर होणार नाही. मिरजेच्या पुढं दंडोबाच्या डोंगराकडे जा आणि चढाला लागा. दोन-तीन रविवार केलेत तर कोण कुठं थांबतंय ते कळेल. मुलांच्या सायकलींना गिअर नसतील तर नवी सायकल घेऊ नका, मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं चेन बसते ते दात्यांचं चक्र, बदला. पुढं ४४ दाती आणि मागं १८ दाती असेल तर पायडलच्या एका फेरीत चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. मागं २२ दाती टाकलं की दोनच वेळा फिरतं. सपाटीवर थोडं हळू जाल, पण चढाला पाय बसतो. चेनला बहुधा एखादी कडी वाढवावी लागेल. मिस्त्रीला आधीच सांगा, नाहीतर चेन ताणून बसवतात आणि मग ती करकरत राहते.

आता वाळूचं. चालते, अगदी सुरेख चालते, पण फक्त ओहोटीला, पाणी मागं सरून गेलेल्या कडक ओल्या वाळूवर. वरच्या कोरड्या वाळूत चाक रुततं आणि मूल रडकुंडीला येतं. मग ओहोटी कधी, हे कसं कळायचं? कोकणात म्हाताऱ्या माणसांना विचाराल तर ते पंचांग बघतात. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे तिथीला तिनानं गुणायचं आणि चारानं भागायचं. येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, दिवसाही आणि रात्रीही. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा वाजता भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. भरतीच्या आधी आणि नंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. वद्य पक्षात तिथी परत एकपासून मोजायची. हा अंदाज आहे, अर्धापाऊण तास इकडंतिकडं होतो, म्हणून नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यात बघून घ्या. पण सहलीची तारीख ठरवायला तिथी पुरते.

आम्ही तारीख तशीच ठरवली. सकाळी सातच्या सुमाराला ओहोटी हवी, म्हणजे भरती दुपारी एक-दीडला हवी. पाऊणपट दीड येते ती द्वितीयेला. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. उधाणात भरती जशी वर चढते तशीच ओहोटीही लांब मागं जाते, म्हणजे कडक वाळूचा पट्टा रुंद मिळतो. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत पाणी फारसं मागं जात नाही. म्हणून आम्ही पौष वद्य प्रतिपदेला गुहागरला मुक्कामाला पोचलो आणि द्वितीयेला उजाडता उजाडता वाळूवर उतरलो. गुहागरचा किनारा लांबलचक आणि सरळ आहे. नातू पुढं सुटला तो ठिपक्याएवढा होईपर्यंत गेला. ओल्या वाळूवर त्याच्या चाकांच्या नक्षीचा एकच पट्टा उमटला होता आणि नात त्या पट्ट्यावरनं चाक न ढळू देता चालली होती. सूनबाईनं लहानपणी सायकल कधी चालवली नव्हती. लग्नानंतर आमच्या दुकानासमोर शिकली. तिला मी त्या दिवशी पहिल्यांदा एका हातानं सायकल चालवताना बघितलं.

मुलांना एक मात्र बजावून ठेवा. पाण्यातून सायकल घालायची नाही, उथळ असलं तरी. त्याचं कारण खालच्या एका उत्तरात आहे.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवा. थंडीच्या आणि उन्हाळ्याच्या दिवसांत तिथं सकाळी वारा जमिनीकडून येतो, मंद असतो. अकरा-बाराच्या पुढं जमीन तापली की समुद्रावरनं सुटतो आणि दुपारी वायव्येकडून जोर धरतो. दक्षिणेकडे चाललात तर तो उजव्या खांद्यामागून येतो. उलटं गेलात तर तोंडावर घेऊन चढ चढावे लागतील.

आमचा क्रम असा होता. पहिल्या दिवशी गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी. हेदवीला दशभुज गणेशाचं दर्शन घेतलं, जेवलो आणि दीडच्या भरतीला बामणघळीवर गेलो. खडकातल्या त्या अरुंद चिरेत लाट शिरते आणि आवाज करत उंच उडते. भरती असेल तरच बघण्यासारखं आहे, म्हणजे तिथीचा हिशोब तिथंही उपयोगी पडला. खडक निसरडे असतात, मुलांचे हात धरून लांबूनच बघा. दुसऱ्या दिवशी हेदवी ते तवसाळ, तिथून फेरीबोटीनं खाडी ओलांडून जयगड आणि पुढं मालगुंड. शास्त्री नदीची खाडी आडवी येते. बोट नसती तर आत जाऊन केवढा तरी वळसा पडला असता. बोटीवर चढताना उतरताना सायकल हातात धरून चाला, तो लोखंडी उतार ओला आणि तेलकट असतो. जयगडला बंदर आणि वीजप्रकल्प आहे, त्यामुळे अवजड गाड्या असतात. तेवढ्या पट्ट्यात मोठ्यांपैकी एकजण सगळ्यांत पुढं आणि एकजण सगळ्यांत मागं, मुलं मध्ये.

मालगुंडला केशवसुतांचं जतन केलेलं घर आहे. १८६६ साली ते तिथं जन्मले. आमची ही ३० वर्षं मराठी शिकवायची. अंगणात सायकल स्टँडला लावून ती आत गेली आणि अर्धा तास बाहेरच आली नाही. मुलं कंटाळली, पण मी कुणाला हाक मारू दिली नाही. अशा ठिकाणी वेळापत्रकात जागा ठेवायला हवी. नुसते किलोमीटर मोजत गेलं तर घरातल्या कुणाचं तरी काहीतरी राहून जातं.

तिसऱ्या दिवशी मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. आरे-वारेचा चढ चढून वर आलात की खाली दोन्ही बाजूंचे किनारे एकदम दिसतात. तिथं थांबा, पण रस्त्यात थांबू नका, गाड्या वळणावरून येतात. आमची एक चूक झाली. तिसरा दिवस वद्य चतुर्थीचा, म्हणजे संकष्टी, आणि आमच्या वाटेवर गणपतीपुळे! गाड्यांची रांग लागलेली. मुलांना घेऊन जवळजवळ दोन किलोमीटर चालत गेलो. तुम्ही पौर्णिमेनंतरची द्वितीया धरणार असाल तर पुळ्याचा टप्पा चतुर्थीच्या आत उरका, नाहीतर अमावास्येनंतरची द्वितीया धरा. शुद्ध चतुर्थीला विनायकी असते, त्या दिवशीही लोक येतात, पण संकष्टीची गर्दी वेगळी. आणि पुळ्याच्या समुद्रात मुलांना सोडू नका. तिथं पाणी ओढतं, तशा सूचना लावलेल्याच आहेत.

आता जे सांगायचंच म्हणून हे पत्र मी निवडलं, ते. दुसऱ्या दिवशी तवसाळच्या धक्क्याकडे उतरत होतो. नात माझ्या पुढं दहा हातांवर. एकदम म्हणाली, "आजोबा, ब्रेक लागत नाहीय," आणि दोन्ही पाय खाली टाकून घासत घासत कडेच्या गवतात थांबली. पडली नाही. मी उतरून तिची सायकल धरली, ब्रेक दाबला, तर चाक जागच्या जागी थांबलं. ब्रेक उत्तम होता. निघायच्या आधी मीच नवे ब्रेकशू घालून, तार ओढून लावला होता. मग तिला म्हटलं, आता तू दाब. तिनं हात हँडलवर ठेवला. तिची बोटं लिव्हरला पोचत होती ती फक्त टोकांनी, पहिल्या पेरापर्यंत. दोन्ही हातांच्या मधल्या बोटांच्या टोकांवर पांढऱ्या आडव्या रेघा उठलेल्या. दोन दिवस प्रत्येक उताराला ती पोर अशी बोटांच्या टोकांनी ब्रेक ओढत आली होती, आणि आता बोटं दमली होती. मी तो ब्रेक माझ्या हातानं तपासला होता. तिच्या हातानं नाही.

लिव्हर जिथं हँडलला धरलेली असते तिथं एक बारीक स्क्रू असतो. तो आत घेतला की लिव्हर हँडलच्या जवळ येते. मी तीन फेरे आत घेतला, तार थोडी जुळवली, दुसऱ्या बाजूचाही तसाच केला. पाच मिनिटांचं काम. ती आता दोन बोटांच्या मधल्या पेरांनी आरामात दाबू शकत होती. तरी उरलेला उतार आम्ही दोघं सायकली हातात धरून चाललो आणि धक्क्याच्या सपाट जागेवर तिला चार चकरा मारायला लावल्या. ४० वर्षांत किती मुलांच्या सायकली मी बापाच्या हातात ब्रेक देऊन विकल्या असतील! ताई, आजच मुलीला सायकलवर बसवा आणि तिला ब्रेक दाबायला सांगा, बोटं कुठपर्यंत जातात ते बघा. स्क्रू नसेल तर मुलांसाठीची लहान लिव्हर मिळते, ती बसवून घ्या. आणि ब्रेक कितीही चांगला असू दे, दहा वर्षांच्या आतल्या मुलांनी खडा उतार चालतच उतरायचा.

उन्हाचं राहिलंच. सांगलीत ३६ अंशांत घाम वाळतो, अंग गार पडतं. तिथं ३० अंशांतही हवा दमट, घाम वाळत नाही, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. मुलगा लहान असताना मी त्याला मे महिन्यात तिकडं नेलं होतं. सकाळी दहाला निघालो, आणि एका चढावर तो चक्कर येऊन काजूच्या झाडाखाली बसला. समोरच्या घरातल्या आजींनी कोकम सरबत करून दिलं, डोक्यावर ओला पंचा ठेवला, तासाभरानं पोर बोलायला लागलं. तेव्हापासून माझा नियम असा की अकराच्या पुढं मुलांनी पायडल मारायचं नाही. साडेतीन-चारनंतर हवं तर थोडं. बाटलीत नुसतं पाणी नको. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. वाटेत शहाळं मिळतंच. खायला तासगावचे बेदाणे घ्या, छोट्या पुड्या करून प्रत्येकाच्या खिशात. भडंग नेऊ नका. आम्ही दोन किलो नेला होता, दुसऱ्या दिवशी त्या हवेत मऊ पडला.

जाताना पेठ नाका, कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. येताना रत्नागिरीहून साखरपा, आंबा घाट, मलकापूर, कोल्हापूर. दोन्ही घाट गाडीतून. हौस म्हणूनसुद्धा मुलांना घाटात सायकलवर बसवू नका.

प्रश्न : माझं वय ६३. साताऱ्यात गोडोलीला राहते. मुलगी आणि जावई नातवंडांना घेऊन कोकणात सायकल सहलीला निघालेत, मला "आई, तूही चल" म्हणतात. रोज सकाळी सायकल चालवते, पण गुडघे थोडे कुरकुरतात. जाऊ का?

उत्तर : जा. तुम्ही साताऱ्याच्या, चढाची सवय तुम्हाला सांगलीकरांपेक्षा जास्त. डॉक्टरांना एकदा गुडघे दाखवून घ्या, आणि मग सीटची उंची बघा. बायकांच्या सायकलींची सीट दुकानात हमखास खाली करून देतात, पाय टेकावेत म्हणून. त्यानं गुडघा सगळ्या फेरीत वाकलेला राहतो आणि तिथंच दुखायला लागतो. सायकल भिंतीला टेकवून बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल पार खाली गेल्यावर पाय जवळपास सरळ व्हायला हवा. एकदम वर करू नका. आठवड्याला बोटभर अशी सवयीनं वर न्या.

सरावाला यवतेश्वरचा घाट आहेच. पूर्ण चढायचा नाही. बोगद्याच्या पुढं चढ सुरू झाला की दहा मिनिटं हलक्या गिअरवर चढा, उतरून पाच मिनिटं चाला, परत बसा. कोकणात तुम्हाला हेच करायचंय. आमची ही ६१ वर्षांची, तिनं प्रत्येक चढाचा वरचा निम्मा भाग चालत केला आणि रोज आमच्यामागून १५-२० मिनिटांनी पोचली. तेवढ्यात मुलांचं पाणी पिऊन होतं. मुलीला आधीच सांगून ठेवा की "आई, लवकर ये" अशी हाक मारायची नाही.

प्रश्न : काका, आम्ही मित्र दिवाळीत गुहागरला सायकली घेऊन गेलो होतो. किनाऱ्यावर, पाण्यातून भरपूर चालवली. परत आल्यावर चार दिवसांत चेन लाल झाली, आणि मागच्या चाकातून कचकच आवाज येतोय. पॉलिश मारून आवाज जाईल का?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, विटा)

उत्तर : नाही जाणार. चेनचा गंज वरचा आहे, तो निघेल. आवाज आतला आहे. चाक पाण्यात गेलं की हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, आणि फ्रीव्हीलमध्ये खारं पाणी आणि बारीक वाळू शिरते. वाळू ग्रीसमध्ये मिसळली की ती कानसेसारखी आतल्या गोळ्या आणि त्या ज्यावर फिरतात ते कोन घासत राहते. आता चालवणं बंद कर. मिस्त्रीकडून दोन्ही चाकांचे हब उघडून घे, रॉकेलनं धुऊन, गोळ्या बदलून नवं ग्रीस भरायला सांग. कोनावर खड्डे पडले असतील तर तेही बदल. फ्रीव्हील धुऊन आवाज गेला नाही तर नवीन टाक. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचा आस जिथं फिरतो ती जागा, तीही उघडून बघायला सांग, पाणी तिथंही जातं.

पुढच्या वेळी पाण्यात न्यायची नाही, आणि नुसत्या वाळूवर चालवली तरी रोज संध्याकाळी हे करायचं: बादलीभर गोडं पाणी आणि फडकं. वरून हळू पाणी सोडायचं, पाइपचा जोरात फवारा मारायचा नाही, त्यानं वाळू बाहेर येण्याऐवजी आत ढकलली जाते. मग चेन कोरड्या फडक्यात धरून पायडल उलटं फिरवायचं, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. आणि प्रत्येक कडीवर एकेक थेंब तेल, नंतर वरचं पुसून काढायचं. वर तेल राहिलं तर सकाळी त्यालाच वाळू चिकटते. हेदवीला आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांच्या विहिरीवर सहा सायकली धुतल्या. नातवानं रहाट ओढला आणि मी फडकं धरलं, पाऊण तास लागला. सहापैकी एकाही चेनला गंज चढला नाही.

प्रश्न : सहा सायकली एवढ्या लांब न्यायच्या कशा? एसटीवर टाकता येतील का? (तासगाव)

उत्तर : सहा सायकली आणि मुलं असतील तर एसटीच्या भरवशावर राहू नका. छोटा हत्ती ठरवा, सोबत माणसांसाठी वेगळी गाडी. मुक्कामाच्या गावी सोडून टेम्पो परत येईल आणि चौथ्या दिवशी रत्नागिरीला घ्यायला येईल, असं दोन फेऱ्यांचं भाडं आधीच ठरवून घ्या. सायकली आडव्या एकावर एक टाकू देऊ नका, मागचा गिअर ज्यावर टांगलेला असतो तो हूक वाकतो. उभ्या लावा, एकीचं हँडल पुढं तर दुसरीचं मागं, मधे जुनी गोणपाटं. बांधायला सुतळी नको, घाटात ती सैल होते. पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूब घ्या, लांब पट्ट्या कापा आणि ताणून बांधा. रबर धक्का खातं आणि रंगही खरचटत नाही. पायडल काढलीत तर डावं-उजवं वेगळं बांधून ठेवा, डाव्याचा आटा उलटा असतो. आणि मुलांच्या सायकली सगळ्यात शेवटी चढवा. उतरवताना त्या आधी निघतात, आणि गाडी थांबल्यावर मुलांना दम नसतो.